नवसागर म्हंजे समुद्र नाही

मी खलील, उमरखेडचा. आमचा पिढीजात धंदा कल्हईचा, अब्बा करे, त्याच्या मांगं मी, अन् आता पितळेचे भांडे कोणाच्या घरी राह्यले नाही त कुकर-शेगड्या दुरुस्त करतो. काय सांगू तुमाले, पयले भाता घेऊन खेड्याखेड्यानं फिरो, तवा गोदावैनी भांडे घेऊन ये. शेतकऱ्याची बाई, चौथी शिकलेली, पण दर चीजेचं नाव इचारे, हे काय, हे काहून म्हणतेत, अन् घरी जाऊन वहीत कविता लिहे. कल्हई हा शब्द अरबी हाये, अब्बानं मले सांगतलं, मी वैनीले सांगतलं.

वैनी वारली. मंग तिची पोरगी मीना, यवतमाळले मास्तरीण हाये, दुकानात आली. म्हणे चाचा, आईच्या कवितेचं पुस्तक काढून राह्यली, मांगं शब्दाचे अर्थ देते, तुमच्या धंद्याचे शब्द पाहून द्या. मी चष्मा लावला. एका जागी लिवलं होतं, नवसागर म्हंजे नवा समुद्र. ओळ होती, माह्या डोयात नवसागर, कोनी इचारू नये. मीना म्हणे, आईले समुद्र पाहाचा होता चाचा, मी एकडावही नेलं नाही, तेच टोचते.

सांगू का नको, सांगू का नको. मंग म्हटलं, बेटा, समुद्र नाही तो. कल्हई लावताना तापल्या भांड्यात पांढरी भुकटी टाकतो, ते. फारसीत नौशादर, आपल्या तोंडी नवसागर झाला. त्याचा धूर डोयाले लय झोंबते. तुहा लहान भाऊ गेला, त्या साली मी तुमच्या गावात आलो का वैनी धुरापाशीच येऊन बसे. मी म्हणो, सरका, डोये जातीन. वैनी म्हणे, राहू द्या भाऊ, घरी रडली त सासू बोलते, इथं कोणी इचारत नाही. मंग मी भुकटी उलशीक जास्तच टाको.

मीना म्हणे, मले वाटे आई रडलीच नाही, मी रागच धरला होता तिचा. अन् पेनानं समुद्र खोडला. काय लिहू, म्हणे. म्हटलं, लिही, कल्हईचा खार. तेवढंच छापलं. बाकीचं तुमाले सांगून राह्यलो ते मीनाले इचारून.

आता मीना गावाकडं आली का आमच्या घरी जेवते, कधी काहीच न बोलता बसून राह्यते. आम्ही बसू देतो. अल्ला त्या पोरीले खुशाल ठेवो.