राखेतला घेवडा

मोरेश्वर : राख.

सानिका : हं. पुढे?

मोरेश्वर : नकाशातला हिरवा चौकोन. ब्रीडाची बादली. कुकर.

सानिका : बाबा, असं तुकड्यांत नाही चालणार. मीटिंगमध्ये तुम्ही बोलणार, मी इंग्रजी करणार. बिल्डरला भाज्यांचे तीस वाफे द्यायचे होते. आता सहाच देतो म्हणतोय, बाकी पार्किंग. त्यावर बोलायचंय.

मोरेश्वर : त्यावरच बोलतोय.

(लॅपटॉपवर अजून कुणी आलेलं नाही.)

सानिका : बरं, ओळीने सांगा. हिरवा चौकोन?

मोरेश्वर : तुम्ही दोघांनी इथे फ्लॅट घेतलात तेव्हा निमिषनं आम्हाला नकाशा पाठवला होता. तुझ्या सासूनं मागचा हिरवा चौकोन बघितला. म्हणाली, आयर्लंडात, लिमरिकला आपल्याला माती मिळणार. मी निघालो तेव्हा घेवड्याचं बी बांधून दिलं. राखेत घोळवून. कीड लागत नाही.

सानिका : आईंनी दिलेलं बी? मला कधी बोलला नाहीत.

मोरेश्वर : दीड महिन्यासाठी आलो होतो. मग कोरोना, विमानं बंद. मग ती गेली. काय बोलायचं त्यात?

सानिका : ते बी मागच्या मातीत लावलंत ना, मे महिन्यात? आणि जूनमध्ये बिल्डरचं मशीन आलं.

मोरेश्वर : हाताएवढे वेल झाले होते. वर खडी टाकली. पोरगा चांगला होता मशीनवरचा. खाली उतरला, सॉरी म्हणाला, परत चढला.

सानिका : सगळंच गेलं मग.

मोरेश्वर : सगळं कोण लावतं? मूठभर मागे ठेवायचं असतं. तीच सांगायची.

सानिका : कुठे ठेवलंत?

मोरेश्वर : राहू दे.

सानिका : बाबा.

मोरेश्वर : प्रेसमध्ये, स्वयंपाकघरातल्या कपाटात. जॅमच्या बरणीत. तुझ्या डाळींच्या मागे.

सानिका : राख होती त्यात?

मोरेश्वर : हं.

सानिका : मला वाटलं, काहीतरी सांडलंय. मी धुतलं ते. आईंच्या मासिक श्राद्धाला उसळ केली. आईंना घेवडा आवडायचा म्हणून.

मोरेश्वर : माहितीय.

सानिका : तुम्हाला ताटात बघून कळलं होतं?

मोरेश्वर : शिजताना वासानंच कळलं.

सानिका : आणि तुम्ही दोनदा वाढून घेतलीत.

मोरेश्वर : शिजलं होतं. आता काय पेरणार होतो? आणि तू बाल्कनीत पान ठेवून कावळ्याची वाट बघत उभी होतीस. इथला तो करड्या मानेचा आला, तर तुला रडू आलं. तेव्हा सांगू का बरणीचं?

सानिका : मला सांगायला हवं होतंत. मग आता कशाला बसलोय आपण इथे? वाफा मिळून काय लावणार?

मोरेश्वर : बादली.

सानिका : कसली बादली?

मोरेश्वर : खालच्या ब्रीडाची. मी पेरत होतो तेव्हा बघायला आली होती. चार दाणे दिले तिला. तिनं दारात बादलीत लावले. काल शेंगा दाखवल्या, वाळल्यात. म्हणाली, युअर मॅन दॅट बिल्डर, आणि पुढचं मला कळलं नाही. बी परत देते म्हणाली. पण बादलीत कितीसं वाढणार?

सानिका : ती का नाही येत मीटिंगला?

मोरेश्वर : तिला लॅपटॉप येत नाही. माझ्या वतीनं तू बोल म्हणाली. तिलाही वाफा हवाय. बटाट्याला.

सानिका : दोनशे घरं आणि सहा वाफे. चिठ्ठ्या टाकणार आहेत. आपली नाहीच निघणार.

मोरेश्वर : म्हणून तीसच मागायचे. एक मागायचा नाही. तसं सांग. फ्लॅटवाल्यांना पायाखाली माती नाही, हेही सांग.

सानिका : आले सगळे. बिल्डरकडची बाई विचारतेय, कुणाला बोलायचंय. माइक सुरू केलाय. बाबा, बोला.

मोरेश्वर : कुठून सुरू करू?

सानिका : आईंपासून करा. मी सांगते त्यांना.

मोरेश्वर : तिला घेवडा आवडत नसे. माझ्यासाठी लावायची.