पुसलेले झिरे

दिशांच्या स्वामी, तुला नमन असो. वाट चुकलेल्यालाही पाठीशी घे — हो, नवलभाऊ, बसतो, तुम्ही आधी हे यंत्र हातात घ्या. धुळ्यात याची दुरुस्ती तुमच्याच दुकानात होते म्हणून आलो. फोन नव्हे हा. डोंगरात फोनला रेंज नसते, तिथे हे वाट दाखवते. माझ्या सुनेचे आहे, हेमांगीचे. शिरपूरपलीकडे सातपुड्यातील पाड्यांवर ती पाण्याचे काम करते. कोणता झिरा उन्हाळ्यातही वाहतो, हे पायी हिंडून, म्हाताऱ्या बायांना विचारून तिने यात नकाशा केला. पाण्याच्या टाक्या कुठे बांधायच्या ते त्यावरूनच ठरायचे आहे — आणि तोच नकाशा यातून गेला, दुसरी प्रत कुठे नाही. कसा गेला? आपोआप. जुने यंत्र, उन्हात तापते — काय म्हणता, आपोआप जात नाही?

बरे. पुसण्याआधी ते विचारते, हे मलाही ठाऊक आहे. तिनेच शिकवले — संगणकाला वायर जोडायची, नकाशाची फाईल आत ठेवायची, मग यंत्रातल्या यादीत त्या नावापुढे टिक करायची. "आबा, तुमच्या नर्मदामाईचा नकाशाही यात घालून देते," म्हणाली. परिक्रमेची माझी ओढ ती जाणते. मला धीर कुठला, मी एकटाच बसलो. जागा अपुरी, असे उत्तर आले. आत दोनच मोठे नकाशे — एक साऱ्या देशाच्या रस्त्यांचा, एक तिच्या झिऱ्यांचा. रस्त्यांचा का नाही काढला? — विचारा, आज पूजेला बसलो तेव्हा देवानेही तेच विचारले. शेजारचा झिपरू ओट्यावरून म्हणतो, "आबा, सून डोंगरमा, अन् तुम्ही चुल्हापुढे का?" हसून सोडले मी, पण लागले होते. वाटले, नकाशा नसला तर घरी राहील. कायमचे पुसायचे का, असे यंत्राने विचारले, आणि मी 'होय' केले — ओठांवर हरिनाम होते, भाऊ.

आणि त्याच जागी नर्मदामाई भरली. हो, भरली. म्हणजे आता सगळे परत मिळणार नाही?

ती काय म्हणाली, सांगू? "आबा, माझ्याच हातून काहीतरी दाबले गेले." पाया पडली, मी तिच्या हातावर प्रसाद ठेवला — आणि गप्प राहिलो. आता तिच्या साहेबांपुढे चूक कबूल करायला गेली आहे. माझी चूक. नर्मदामाई काढून टाका, भाऊ, तिला राग यायचा नाही. जेवढे झिरे निघतील तेवढे काढा — थांबा, तिचाच फोन.

हेमांगी, आत जाऊ नकोस, बाळ. चूक तुझी नाही. 'होय' मी केले — नाही, चुकून नव्हे. जाणूनबुजून. — ऐकतेस ना?

ठेवला तिने.

तुम्ही काम करा, भाऊ, मी बाहेर बाकावर बसतो. तुमच्या घरी, हे कानी पडेल त्या प्रत्येकाच्या घरी, आणि त्या पाड्यांवरच्या प्रत्येक चुलीपाशी हंडा भरलेला राहो.