अकरा होड्या तळाशी

नाही हो काका, एक छोटी फेरीसुद्धा नाही — आज या घाटावरून कुठलीच होडी निघणार नाही, आणि तुम्ही बसलात ती तर नाहीच नाही. म्हणजे बसा तुम्ही, माझी हरकत नाही, फक्त त्या लोखंडी पेटीवरचा पाय तेवढा काढा, तिच्याशी मी पाऊण तास झुंजतेय. हो, मराठीच आहे मी. मघाशी तुम्ही पायऱ्यांवर फोनवर सांगत होतात ना, 'अगं, इथली नदी म्हणजे आपल्याकडचा ओढा' — तेव्हाच ऐकलं. काकू असतील. म्हटलं, हे बँकेतले, नवीन बदली, गोमती नगरात फ्लॅट — बरोबर? बघा! इथे बदलून आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या चार महिन्यांत एकदा गोमतीवर येतो आणि तिला ओढा म्हणतो. माझे बाबाही म्हणाले होते म्हणे, आणि ते अकोल्याचे — अकोल्याच्या माणसाने दुसऱ्यांच्या नदीला हसायचं म्हणजे — जाऊ दे. मी इथलीच, इंदिरा नगरची. मृणाल. घरी आई-बाबा सोडले तर कुणी मराठीत बोलत नाही, धाकटा भाऊ तर आईने मराठीत हाक मारली तरी 'आया, मम्मी' म्हणतो, त्यामुळे कुणी सापडलं की मी थांबत नाही. कंटाळलात तर सांगा.

काय? नदीत कसलं वादळ? हसा, हसा. रत्नागिरीचे ना तुम्ही, तेही फोनवर ऐकलं — तुमच्याकडे वादळाला नाव असतं, टीव्हीवर गरगर फिरणारं चित्र असतं, दोन-तीन दिवस आधी बंदरावर बावटा लागतो, लोक होड्या खाडीत आत नेऊन बांधतात. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी सगळ्यांचे फोन एकदम कर्रर्र करून ओरडतात आणि मग तासाभरात काय ते. तो बघा, पक्क्या पुलाच्या मागे, पश्चिमेला — आकाशाचा रंग बघा. कागदावर चहा सांडल्यासारखा. ढग नाहीत ते, धूळ आहे. मागच्या वेळी तिने तेलीबागेत आमच्या ओळखीच्यांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली होती. आँधी. आणि आम्हाला खाडी नाही, काका. त्या बाजूला काँक्रीटची भिंत, या बाजूला दगडी पायऱ्या, मधे होड्या. कुठे नेणार? — मग करतात काय? समोर चाललंय ना, बघा की. बुडवतात. हो, बुडवतात! ते लाल बनियनवाले विजयभैया — त्यांची बघा. दोघंजण एका काठावर चढले, होडी कलली, पाणी आत. मग दगड टाकायचे, मग वाळूची पोती. छातीभर पाण्यात होडी तळाला जाऊन बसते, वारा वरून निघून जातो. दुसऱ्या दिवशी पोती काढायची, डबे घेऊन पाणी उपसायचं, उन्हात वाळवायची, संपलं. यांच्या आजोबांच्याही आधीपासून असंच. अकरा होड्या आहेत घाटावर. सात गेल्या खाली. चार राहिल्यात.

आणि बारावी ही. माझी. म्हणजे माझी नाही, कॉलेजच्या प्रकल्पाची — शेवटच्या वर्षाला सुरू केला होता, डिग्री मिळून वर्ष झालं तरी मी अजून इथेच आहे, बाबांना विचाराल तर ते सांगतील काय करते मी इथे. पत्र्याची बॉडी, वर सोलर पॅनल, खाली मोटर. आवाज नाही, धूर नाही, वल्ही मारून मारून म्हाताऱ्या माणसांचे खांदे निघायला नकोत. सोमवारी एका ट्रस्टची माणसं बघायला येणार आहेत. ही चालली की आणखी सहा. सहा, काका! — पण हिला बुडवता येत नाही. पॅनल परवाच काढून ठेवलं, पण बॅटरी आणि सगळं कंट्रोलरचं काम या पेटीत आहे, पाण्यात गेलं की गेलं. आणि पेटी निघत नाही. तीन बोल्ट काढले मी. चौथ्या कोपऱ्याला बोल्टच नाही, वेल्डिंग आहे. कुणी केलं? मीच करून घेतलं, चोरी होऊ नये म्हणून. विजयभैया म्हणाले होते, 'मैडम, ताला लगा दीजिए, बस.' मी म्हटलं, ताला टूटता है भैया, वेल्डिंग नहीं टूटती. नाही तुटत. खरंच नाही तुटत. मघाशी जाता जाता विचारत होते — 'क्यों इंजीनियर मैडम, आपकी नाव को तो पढ़ाई-लिखाई बचा लेगी न?' — आणि दात काढून हसले. हसू देत. त्यांचा हक्कच आहे हसायचा.

अशीच राहू दिली तर? अच्छा, तुम्हीच विचार करा. लाकडाच्या होड्या तळाशी अशा शेजारी शेजारी झोपलेल्या, आणि वर हे तीनशे किलोचं पत्र्याचं धूड लाटेबरोबर वर-खाली. दोर कितीही लांब सोडा. एकेक आपटीत एकेकीची फळी जाईल. म्हणजे ती फक्त माझी होडी राहत नाही ना मग.

ओढून वर घेता येते — हो, तेच चाललंय. आठ माणसं लागतात पायऱ्यांवरून चढवायला. राजारामचाचा तेवढ्यासाठीच वर गेलेत, माणसं गोळा करायला. तुम्ही आलात तेव्हा ते पांढऱ्या मिशांचे, उंच, मला काहीतरी सांगून घाईने गेले ना — ते. 'बिटिया, तुम रुको, पहले तुम्हारी निकालेंगे, बाक़ी बाद में.' घाटावर त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. आणि मी — मी हो म्हटलं. विचारच नाही केला. 'हाँ चाचा, जल्दी कीजिए' म्हटलं. ते वर गेले आणि मग मी मोजत बसले. आठ माणसं म्हणजे कोण? या चार राहिलेल्या होड्यांचीच माणसं की, वर वाळू भरायला गेलेली! आणखी आहे कोण इथे? ही चढवायला अर्धा तास, आणि तो चहाचा डाग बघा कुठवर आलाय, मघाशी पुलाचा तिसरा खांब दिसत होता, आता दिसतोय का तुम्हाला? मलाही नाही.

चाचांची होडी? नाही. त्यांची कुठलीच नाही. ते विजयभैयांच्या होडीवर वल्हं मारतात. मागच्या वर्षीपर्यंत होती.

सांगते. तुम्हालाच सांगते, इथे मराठी कुणाला कळत नाही, तेवढं एक बरं आहे. मागच्या मे महिन्यात मी याच पायरीवर खडूने चित्र काढून सगळ्यांना शिकवलं होतं. होडी बुडवणं बरोबर नाही, लाकूड कुजतं, सांधे उघडतात. 'अडाणीपणा' नाही म्हटलं मी, 'अवैज्ञानिक' म्हटलं, पण तेच ना ते. दोन्ही टोकांना दोर, कडीला घट्ट, जराही ढील नको. सगळ्यांनी नीट ऐकलं, चहा पाजला मला, आणि फोन ओरडले तसे सगळे आपापल्या होड्या बुडवायला गेले. मी नायलॉनचा नवा निळा दोर घेऊन उभी. इथेच. एकजण घेईना. तेव्हा राजारामचाचा आले, माझ्या हातातून दोर घेतला आणि मी दाखवलं तशी त्यांची होडी बांधली. का? पटलं म्हणून नाही हो! चाळीस वर्षं नदीवर आहेत ते, त्यांना कळत नव्हतं? पोरगी एकटीच उभी आहे, तिचं तोंड उतरू नये म्हणून. एवढ्यासाठी. एवढ्यासाठी कुणी आपली होडी देतं का, सांगा!

घट्ट बांधलेली होडी लाटेबरोबर उठू शकत नाही, हे मला नंतर समजलं. डिग्री होती हातात, आणि हे नंतर समजलं. सकाळी आम्ही आलो तर दोर शाबूत. कडीला दोर, दोराला होडीचा पुढचा तुकडा लटकलेला, बाकीची होडी फळ्या-फळ्या होऊन पायऱ्यांवर. सगळे उभे. आणि चाचा म्हणाले, 'रस्सी सड़ी थी.' नवी करकरीत निळी रस्सी समोर लटकतेय, काका! विजयभैयांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बिडी पेटवली. आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं — 'हाँ चाचा, रस्सी ही ख़राब निकली.'

नाही, थांबा, एवढंच नाही. त्या फुटक्या होडीचा फोटो काढला मी. प्रकल्पाच्या अहवालात पहिल्याच पानावर आहे तो. खाली ओळ आहे — 'पारंपरिक लाकडी होड्यांची दुरवस्था.' मी लिहिली. ती वाचून मंजुरी मिळाली या होडीला. सगळ्यांना मी सांगते की ही राजारामचाचांसाठी आहे, सोमवारनंतर तेच चालवणार, आणि ते खरं आहे, अगदी खरं, पण — तुम्ही असं बघू नका ना माझ्याकडे. बाबा असेच बघतात.

आले. ते बघा, वरच्या पायरीवर — चाचा पुढे, मागे सगळे. आणि विजयभैया — अरे, त्यांनी पोतं ठेवलं खाली. अर्धी भरलेली होडी तशीच सोडून निघाले ते. यार, चाचांनी त्यांनाही बोलावलं! ती अर्धवट भरलेली तर सगळ्यात आधी उलटेल. वारा लागला का तुम्हाला आत्ता? थंड? तो पहिला. यानंतर दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही.

उठा काका. नाही, तिकडून नाही, माझ्या बाजूने या, तुमच्या पायांमधे तळाला एक बूच आहे, पितळेचं, मला तिथे हात घालू द्या. सतरा नंबरचा पाना — तुमच्या मागे — हां. बूट भिजतील तुमचे, आधी पायरीवर जा. हो, मला माहीत आहे बॅटरीचं. सोमवारचंही माहीत आहे. त्यांना फोन करून सांगेन, अहवालाचंही सांगेन, सगळंच सांगेन, आता माझा हात सोडा, तुम्ही भले माणूस आहात पण हात सोडा. अजून एक वेढा. निघत का नाही हे — निघालं. बाप रे, केवढं जोरात येतं पाणी. उतरा म्हणते ना!

चाचा! मत आइए! इधर मत आइए, अपनी-अपनी डुबाइए पहले! विजयभैया, आपकी आधी भरी है, उलट जाएगी, वापस जाइए! — छेद हो गया? नहीं चाचा, कोई छेद-वेद नहीं है! मैंने डुबोई है! मैंने! कोई पूछे तो यही बताइएगा!

तुम्ही अजून इथेच? जा हो काका, घरी जा. काकूंना फोन करा आणि खिडक्या लावून घ्या. इथे आता मला काम आहे, ती वाळूची पोती सगळी तिकडेच पडलीत.