सोडायचं आन् बाजूला व्हायचं

(सुमनआक्का, राहणार सांबरा. बेळगावच्या कॅम्पात शिलाईच्या दुकानात काम करतात. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत.)

काय सांगू तुम्हाला, माझं माहेर बोरगाव, निपाणीजवळचं, आन् आमच्या घरात निम्मी कन्नड, निम्मी मराठी चालायची, आई रागावली की कन्नडात बोलायची आन् लाडात आली की मराठीत, त्यामुळं मला दोन्ही येतंय पण कुणी कन्नडात हाक मारली की अजून दचकते बगा. लग्न होऊन सांबऱ्याला आले. आमच्या मालकांचं रान इमानतळाच्या कुंपणाला लागून, भात आन् रताळी, त्यात भागंना म्हणून मी कॅम्पात शेट्टर आप्पांच्या दुकानात शिलाईला जाऊ लागले. मिल्ट्रीचे कपडे हो. काजं करायची, बटणं लावायची, खांद्यावरच्या पट्ट्या शिवायच्या. नवीन भरती झालेली पोरं येत्यात, शर्ट ढगळ असतोय, आत घेऊन द्यायचा, आन् तीच पोरं ट्रेनिंग करून आली की बाहीत दंड मावत न्हाय, परत उसवून सोडायचा. असं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या वर्द्या शिवल्या, तवा कवा वाटलं न्हाय की यातली एक आपल्या घरात येईल.

थांबा, चहा ठेवते. न्हाय न्हाय, तुम्ही बसा, मलाच बसवत न्हाय हल्ली, काम करत करतच सांगते.

तर आमचा संतोष, एकुलता एक. ल्हानपणी त्यो एका जागी बसलेला मी बघितलाच न्हाय. न्हाव्याकडं नेलं की मालकांनी डोकं धरायचं आन् मी पाय धरायचे, शाळेत मास्तर विचारायचे आक्का, ह्याच्या बाकाला काटे हायत काय. भरती झाला तवा मी म्हटलं बरं झालं, पळापळीचं काम हाय, ह्याला जमंल. आन् गंमत बगा, पलटणीत गेल्यावर ह्याला दिलं काय, तर मिसाईल. टँक फोडायचं मिसाईल.

पहिल्या सुट्टीला आलता तवा जेवताना त्यानंच मला समजावलं, ताटातली भाकरी दाखवून, भाकरी म्हंजे टँक म्हणाला. तिपाईवर एक नळकांडं असतंय, त्यातनं ते मिसाईल सुटतंय, आन् त्याच्या मागनं केसासारखी बारीक वायर उलगडत जाती, पतंगाच्या मांज्यागत. सोडणाऱ्यानं दुर्बिणीत बघून त्यातली फुली टँकवर धरायची आन् मिसाईल जाऊन लागंस्तोवर धरूनच ठेवायची, टँक चालत असला तर फुली बी संगं संगं फिरवायची, हळू, कारण जिकडं फुली तिकडं मिसाईल. मी म्हटलं आन् त्यांनी तुला बघितलं तर रं? तर म्हणाला सोडताना धूर हुतोय, धूळ उडती, त्यांना कळतंयच. पण कळू दे, उठायचं न्हाय, उठलं की मिसाईल भरकटलं, आन् मागं आपलीच पोरं असत्यात. मग खिशातनं त्या वायरीची गुंडाळी काढली, सराव झाला की रानात पडलेली असती म्हणं, मला दाखवाय आणलती. मी ताटातली ती भाकरी उचलली आन् दुसरी वाढली. ती गुंडाळी पडवीत खिळ्याला अडकवली, टाकवंना.

तवापासनं माझ्या जिवाला चैन न्हाय. दुकानात काज करता करता उठायची, दारात जायची, परत यायची, दोऱ्याचा व्हायचा गुंता. शेट्टर आप्पा म्हणायचे सुम्न कुंद्रु आक्का, अहो गप बसा जरा. गप बसणं म्हंजे काय, ते आप्पांना काय ठाऊक? एवढी लोकं नुसतं म्हणत्यात, जवान छातीचा कोट करून उभा असतोय. आमचा उभा बी नसतोय. बसलेला असतोय, आन् हलायचं न्हाय.

मग एकदा त्याचा फोन आला. आई, आता नवीन मिसाईल आलंय, वायर-बियर काय न्हाय, त्यालाच डोळा असतोय, टँक एकदा दाखवायचा, सोडायचं आन् आपण बाजूला व्हायचं, त्याचं ते शोधत जातंय. मी दोनदा विचारलं, खरंच बाजूला व्हायचं? व्हय गं आई, पळून खड्ड्यात जाऊन बसायचं. मला हसूच फुटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांना पेढ्यागत कुंदा वाटला, आप्पा म्हणाले पोराचं लगीन ठरलं काय, मी म्हटलं त्याच्यापेक्षा मोठं हाय ओ.

पुढं खंडेनवमीला त्यो सुट्टी घेऊन आला. आमच्यात कसं हाय, खंडेनवमीला ज्याचं पोट ज्याच्यावर चालतंय ते त्यानं आपल्या हातानं पाटावर ठेवायचं. मालकांनी इळा आन् कुदळ ठेवली, मी माझी कातर ठेवली. आता बंदूक काय घरी आणता येत न्हाय, मी म्हटलं संतोष, तू काय ठेवतोस? त्यो आंघोळ करून आलता, इचार न करता पिशवीत हात घातला आन् एक गुंडाळी काढून कातरीच्या शेजारी ठेवली. वायरीची. ती खिळ्यावरची न्हवं, ती काळी पडलेली मला दिसतच हुती पडवीत. ही नवी, लकाकणारी, हल्लीच्या सरावातली. हात जोडून डोळे मिटून हुबा राहिला, आन् डोळे उघडले तर मी त्याच्याकडंच बघत हुते.

देवापुढं पोरानं खोटं ठेवलं न्हाय हो. मला सांगितलं तेवढंच खोटं.

मालक आपले नारळाच्या शेंड्या काढत बसलेले. मी इळ्याला हळदकुंकू लावलं, कातरीला लावलं, वायरीला बी लावलं. रागावणार कुणावर? माझ्यासाठीच बोललाय.

त्यो परत गेला आन् काय दिवसांनी ती सरहद्दीवरची गडबड सुरू झाली. फोन बंद. टीव्हीवर सारखं मिसाईलच दाखवायचे, पडद्यावर पांढरा ठिपका जातोय जातोय आन् धूर, शेजारची लोकं आमच्याच घरात बसून टाळ्या वाजवायची, सुमनआक्काचा पोरगा हाय तिथं म्हणून. मला वाटायचं त्या ठिपक्याच्या मागं कोण बसलाय ते दाखवा की. आन् पुढं त्या रणगाड्यात बी कुणीतरी असणारच, त्याची आई बी अशीच घरात फिरत असंल, पण हे बोलून कुणाला दाखवता? देवाला हात जोडायचे तर मागू काय? पोराला उठीव म्हणू, तर मागं जी पोरं हायत त्यांच्या शर्टाची काजं मीच केल्यात. बसू दे म्हणू, तर ते म्हणवत न्हाय. नुसती देव्हाऱ्यापुढनं चुलीकडं आन् चुलीकडनं देव्हाऱ्यापुढं. इमान उतराय लागलं की अंगणात जाऊन बघायची, जसं काय त्यातनं त्योच उतरणार हाय.

मग सगळं निवलं. फोन लागला, आवाज ऐकला, मी आधी रडून घेतलं.

आन् आता परवा परत फोन. आई, आता खरंच आलंय गं. आमच्या पलटणीला आलंय, मी शिकून बी घेतलंय, सोडायचं आन् बाजूला व्हायचं. मालक शेजारीच हुते, त्यांना त्या पहिल्या खोट्याचं मी सांगितलेलंच न्हाय, ते म्हणाले ह्यो काय जुनंच सांगतोय, ते तर मागंच आलतं न्हवं? तिकडं संतोषला ते ऐकू गेलंच असणार.

माझी शपथ घे, असं अगदी व्हटावर आलतं माझ्या. पण न्हाय घेतली तर? आन् खोटी घेतली तर? आलं बी असंल हो. काय सांगावं, खरंच असंल. पण मला सुखात ठेवाय त्यानं एकदा सांगितलं, आन् आता खरं असलं तरी मला त्याचं सुख लागंना. त्याला म्हटलं, लई बरं झालं बाळा, आता माझ्या जिवाला घोर न्हाय, आता मी निवांत. औक्षवंत हो.

आन् फोन ठेवला, केरसुणी घेतली, अंगण झाडलं. झाडलेलंच हुतं.