एकाकी वृद्धा, खिडकी, आडवा फोटो

मुलगा : आई, तुझा फोटो विकला गेला.

आई : कुठला?

मुलगा : कुठलाच नाही. मी काही बोललोच नाही. पिशवी दे इकडे, जड आहे.

आई : औषधवाल्याने आज पैसेच घेतले नाहीत. म्हणाला, मावशी, माणुसकी आहे अजून. त्याच्या दुकानासमोर मी लागलेय. ही एवढी, दाराएवढी. वृद्धाश्रमाची जाहिरात. खाली लिहिलंय, ‘मुलं विसरली. तुम्ही विसरू नका.’

मुलगा : छपाई बरी आहे का?

आई : मिशा दिसतात माझ्या.

मुलगा : तीन वर्षांत त्या फोटो विकायच्या साइटवर चार हजार फोटो टाकले, आई. ढग, टोमॅटो, हात मिळवणारी माणसं. गेला तो हा एकच.

आई : पण तू तर ‘आनंदी आजी’ म्हणून टाकणार होतास.

मुलगा : टाकला होता. लोक शब्द लिहून फोटो शोधतात. ‘आनंदी आजी’ लिहिलं की ढिगाने आज्या येतात, सगळ्या तुझ्यापेक्षा आनंदी. मग शब्द बदलले. ‘एकाकी, उपेक्षित, वाट पाहणारी.’ चौथ्या दिवशी गेला.

आई : वाट कुणाची रे? तू तर समोर स्टुलावर उभा होतास. म्हणालास, खिडकीबाहेर बघ. बघितलं. बाहेर शेजाऱ्यांची भिंत.

मुलगा : म्हणून तर चेहरा तसा आला.

आई : काढून टाक तो.

मुलगा : साइटवरून निघेल. ज्यांनी घेतला त्यांच्याकडे राहणारच. तू कागदावर सही केलीस ना.

आई : पोटच्या पोराचा कागद वाचून सही करायची असते, हे मला कुणी सांगितलं नाही.

मुलगा : त्यांना अजून हवेत. तूच, पण रिकाम्या ताटासमोर. रिकाम्या पलंगाशेजारी. दुसरं कुणी माझ्याकडे काही मागतच नाही गं.

आई : आणि मी नाही म्हटलं तर?

मुलगा : मामाच्या गोदामात नोकरी. तिकडेच राहायचं. सोमवारपासून.

आई : म्हणजे मग फोटो खरा.

मुलगा : हो.

आई : (खुर्ची खिडकीशी ओढत) बसते. पण आधी त्या साइटच्या तक्रारीच्या रकान्यात लिही. मी सांगते तसंच, एक अक्षर बदलायचं नाही.

मुलगा : तिकडे कुणी वाचत नाही, आई.

आई : लिही. ‘माननीय महोदय, सदर फोटोतील वृद्धेच्या वर्णनातून “एकाकी” हा शब्द तात्काळ वगळण्यात यावा व छापील प्रतींवरही तशी दुरुस्ती व्हावी, ही नम्र विनंती. फोटो काढतेवेळी तिचा मुलगा घरीच होता.’