उशाशी सांगितलेलं

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या कानात नुकतंच यंत्र बसवलं होतं.

"ओरडू नकोस एवढं. येतंय ऐकू."

"सवय झालीय हो. डॉक्टर काय म्हणाले, कळलं ना? ऐकू येईनासं झालं की माणूस बोलणं टाळतो, मग मेंदूही सुस्तावतो."

"मी कुठे टाळतो? तूच हल्ली बोलत नाहीस."

"बोलते की. दुपारी तुमचा डोळा लागला, की उशाशी बसून सगळं सांगते."

"झोपलेल्या माणसाला?"

"जागेपणी सारखं 'काय, काय' विचारताना तुमचा चेहरा कसनुसा व्हायचा. बघवायचं नाही मला."

"...चल, घरी चालतच जाऊ. पहिल्यापासून सांग."

"सगळं? त्यात तुम्हाला घातलेल्या शिव्याही आहेत हो."

"मग त्या आधी सांग."