कालवडीचं दूध तोडताना

हडपसरच्या पशुखाद्याच्या दुकानात मांजराचं खाणं घ्यायला आलेली शेफाली पुढच्या सासू-सुनेकडे कान लावून उभी होती.

"आत्या, कालवडीसाठी दूध पावडरची अजून एक पिशवी घेऊ ना."

"आगं ऋतुजा, मस्त खुराक खातीया ती. आता दूध तोडायचं."

"मला बघून हंबरते हो!"

"हंबरंल न्हायतर काय! बादलीत तोंड घालंना, म्हणून तू दुधात बोटं बुडवून चोखायला दिलीस. आता आपली आपण पिती, तरी तुझी बोटं बादलीतच! अन् लग्नात म्हणं, गोठ्यात पाय ठेवायची न्हाय."

"तेव्हा ही कुठे होती?"

"पावडर देऊ, की तुमचं ठरेपर्यंत चहा सांगू?" दुकानदार म्हणाला.

"दे बाबा एक. ऋतुजा, रोज थोडं थोडं दूध कमी करत जा. कालवड सोडंल लगीच. तुला सवय व्हायला पायजे."